आयटीचं सर्टिफिकेशन घेताय? आधी या चुका टाळा

नागपुरात बर्डीवरच्या एका क्लासमधून आमच्या शेजारच्या पोराने नेटवर्किंगचं सर्टिफिकेट आणलं. लॅमिनेशन केलेलं, वर सोनेरी शिक्का. इंटरव्ह्यूत विचारलं, "सीसीएनए झालंय का?" यानं तोच कागद पुढे केला. समोरच्यानं वाचून परत दिला. तो कोर्स पूर्ण केल्याचा दाखला होता. सीसीएनए म्हणजे सिस्को या नेटवर्किंग कंपनीचं सर्टिफिकेशन, आणि सिस्कोची परीक्षा पोरानं दिलीच नव्हती. घरी येऊन मला म्हणतो, "काका, मंग हे काय होय?"

आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसे याच गफलतीत बुडतात. क्लास शिकवतो, सर्टिफिकेट देते ती कंपनी, आणि तेही तिची परीक्षा पास झाल्यावर. सीसीएनएचा पेपर एकच, कोड २००-३०१, आणि तो पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत द्यावा लागतो. म्हणून फी भरण्याआधी काउंटरवर दोनच प्रश्न विचारा: परीक्षेचं व्हाउचर (म्हणजे परीक्षेची फी भरल्याचा कोड) फीमध्ये धरलंय का, आणि सर्टिफिकेटवर नाव कोणाचं असणार? उत्तर गोलमोल आलं की उठा. 'शंभर टक्के नोकरी' असं म्हणणाऱ्यांकडून ती हमी लेखी मागून पाहा, गंमत कळेल.

दुसरी चूक म्हणजे मित्रानं एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउडचं सर्टिफिकेशन) केलं म्हणून आपणही करायचं. त्याऐवजी मिहान आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधल्या कंपन्यांच्या, जमल्यास पुण्याच्याही, पंधरा-वीस जाहिराती वाचा आणि कोणतं नाव किती वेळा येतं ते वहीत मांडा. सपोर्टचं काम हवं असणाऱ्यानं आणि टेस्टिंगला जाणाऱ्यानं एकच परीक्षा देण्यात अर्थ नाही.

फ्रेशरनं सीआयएसएसपीच्या, म्हणजे सायबर सुरक्षेतल्या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेशनच्या, मागे लागणं तर मला कळतच नाही. त्याला या क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव लागतो. कॉम्प्युटर, आयटी किंवा तशाच विषयातली डिग्री असेल तर त्यातलं एक वर्ष सुटू शकतं. अनुभव नसताना पास झालात तर 'असोसिएट' म्हणवून घ्याल, सीआयएसएसपी नाही.

मुदतही बघा. सीसीएनए आणि एडब्ल्यूएसची सर्टिफिकेशन्स तीन वर्षं चालतात. मायक्रोसॉफ्टचं क्लाउडच्या तोंडओळखीचं एझेड-९०० संपत नाही, पण क्लाउड सांभाळणाऱ्यांसाठीचं एझेड-१०४ दरवर्षी नूतनीकरण मागतं. ते ऑनलाइन आणि फुकट होतं, फक्त मुदत संपायच्या आत करावं लागतं. एमसीएसई हे मायक्रोसॉफ्टचं जुनं सर्टिफिकेशन कुठलं चांगलं, असं विचारणारे अजून भेटतात. ते मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२१ मध्येच बंद केलं. जुनी पुस्तकं स्वस्तात घेताना मुखपृष्ठावरचा परीक्षेचा कोड कंपनीच्या साइटवरच्या कोडशी जुळवा.

डम्प्स, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करून पास होणारे आहेत, नाही कशाला म्हणू? पण पकडलं गेलं तर निकाल रद्द होतो, पुढच्या परीक्षांवर बंदीही येऊ शकते. शिवाय रेड हॅट कंपनीच्या आरएचसीएसए या लिनक्सच्या परीक्षेला पाठांतर चालतच नाही. पर्याय नसतात, समोर चालू मशीन असतं आणि कामं करून दाखवायची असतात. इंटरव्ह्यूतही तसंच. सबनेट (नेटवर्कचा छोटा भाग) काढ म्हटलं की डम्पवाला छताकडे बघतो.

घरून परीक्षा देणार असाल तर टेबल रिकामं हवं, खोलीत दुसरं कोणी नको. आई चहा घेऊन आत आली तरी परीक्षा तिथंच थांबवली जाऊ शकते. मे महिन्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे इन्व्हर्टर नसेल तर सरळ सेंटर घ्या. नोंदणीतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. नापास झालात तर एडब्ल्यूएस चौदा दिवस थांबवतं, मायक्रोसॉफ्ट पहिल्यांदा २४ तास. दोन्हीकडे फी पुन्हा भरावी लागते.

शेजारचा पोरगा आता रोज संध्याकाळी पॅकेट ट्रेसर या नेटवर्कच्या सरावाच्या सॉफ्टवेअरवर राउटर जोडत बसतो. ते सिस्को फुकट देतं, हे त्याला त्या क्लासात कोणी सांगितलंच नव्हतं.