आंतरराष्ट्रीय कॉलची वेळ ठरवताना या चुका टाळा

दोन देशांतील माणसांनी ठरवलेला कॉल चुकतो, तेव्हा बहुधा कोणाची बेरीज-वजाबाकी चुकलेली नसते. ज्या आकड्यावर ती बेतलेली असते, तो आकडाच त्या आठवड्यात बदललेला असतो. न्यूयॉर्क आणि लंडन यांच्या घड्याळांत पाच तासांचा फरक आहे, हे विधान वर्षातील बहुतेक दिवस खरे असते आणि वसंत व शरद ऋतूंतील मिळून तीन-चार आठवडे खोटे ठरते. सिडनी आणि लंडन यांच्याबाबत तर एकच एक आकडा सांगताच येत नाही, कारण तो फरक वर्षभरात कधी नऊ, कधी दहा, तर कधी अकरा तासांचा असतो. त्यामुळे तासांचा फरक पाठ करून ठेवणे आणि त्यावर विसंबून पुढच्या महिन्यांचे कॉल ठरवणे ही पहिली चूक आहे. खाली येणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळही तिच्यातच सापडते.

फरक कधी आणि का बदलतो

उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे नेण्याच्या पद्धतीला डेलाइट सेव्हिंग किंवा उन्हाळी वेळ म्हणतात. ही पद्धत पाळणारे देश ती एकाच दिवशी सुरू करत नाहीत आणि एकाच दिवशी संपवतही नाहीत. अमेरिकेत २००५ च्या कायद्यान्वये २००७ पासून घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये हाच बदल मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. सिडनी, मेलबर्न आणि ॲडलेड येथे ऋतू उलटे असल्याने घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जाते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येते. लंडनचे घड्याळ पुढे जात असताना सिडनीचे मागे येते, म्हणून या दोन शहरांमधील फरक एकूण दोन तासांनी बदलतो. पण दोन्ही बदल एकाच दिवशी होत नसल्याने मधले काही दिवस दहा तासांचे असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ठरवलेले कॉल कोलमडतात.

एकाच देशाचा एकच नियम असेल, हे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. ऑस्ट्रेलियातीलच ब्रिस्बेन आणि पर्थ येथे घड्याळ हलत नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातही ते हलत नाही, मात्र त्याच राज्यातील नवाहो नेशन या मूलनिवासींच्या स्वशासित भूभागात हलते.

प्रत्यक्षात काय घडते, हे पाहण्यासाठी २०२६ हे वर्ष घेऊ. न्यूयॉर्कमधील आयोजकाने दर मंगळवारी आपल्या सकाळी दहा वाजता कॉल ठेवला आहे आणि त्यात लंडन व नैरोबी येथील सहकारी सहभागी होतात. फेब्रुवारीत हा कॉल लंडनमध्ये दुपारी तीनला आणि नैरोबीत संध्याकाळी सहाला येतो. ८ मार्चला अमेरिकेचे घड्याळ पुढे जाते, त्यामुळे १०, १७ आणि २४ मार्च या तीन मंगळवारी लंडनमध्ये कॉल दोनलाच सुरू होतो. २९ मार्चला ब्रिटनचे घड्याळही पुढे गेले की ३१ मार्चपासून लंडनकरांसाठी पुन्हा तीनची वेळ येते. ब्रिटनचे घड्याळ २५ ऑक्टोबरला मागे येते आणि अमेरिकेचे १ नोव्हेंबरला, म्हणून मधल्या २७ ऑक्टोबरचा एकच कॉल लंडनमध्ये पुन्हा दोनला असतो. नैरोबीचे घड्याळ वर्षभर जागचे हलत नाही. तरीही तेथे हाच कॉल १० मार्चपासून २७ ऑक्टोबरपर्यंत पाचला असतो आणि ३ नोव्हेंबरपासून पुन्हा सहाला जातो.

या उदाहरणातील नैरोबीची बाजू सर्वांत दुर्लक्षित राहते. ‘आमच्याकडे घड्याळ बदलत नाही, म्हणून आम्हाला या भानगडीशी देणेघेणे नाही’ असे समजणारी मंडळीच नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी तासभर आधी येऊन रिकाम्या पडद्याकडे पाहत बसतात, आणि मार्चमध्ये याच कारणाने कॉल संपत आल्यावर हजर होतात.

कॉल कोणाच्या घड्याळाला बांधला आहे, हे न सांगणे

कॅलेंडरमधील आवर्ती निमंत्रण कोणत्या तरी एका टाइम झोनला बांधलेले असते आणि तो बहुधा निमंत्रण तयार करणाऱ्याचा असतो. त्या ठिकाणची वेळ स्थिर राहते आणि इतरांची सरकते. हे कोणी तरी जाणीवपूर्वक ठरवलेले असते असे क्वचितच दिसते. ज्याने आधी बटण दाबले त्याचे घड्याळ सर्वांवर लादले जाते. माझ्या मते या बाबतीत मानापेक्षा अडचण मोठी मानावी. ज्या सहकाऱ्याचा कॉल रात्री साडेनऊला येतो, त्याला तो साडेदहावर गेलेला जड जातो. ज्याचा सकाळी अकराला येतो, त्याला दहा किंवा बारा यांनी फारसा फरक पडत नाही. म्हणून कॉल पहिल्याच्या घड्याळाला बांधावा आणि तसे निमंत्रणाच्या मजकुरात स्पष्ट लिहावे. अशा निमंत्रणात टाइम झोन निवडण्याची सोय गूगल कॅलेंडर आणि आउटलुक या दोन्हींत आहे. आयोजक स्वतः दुसऱ्या शहरात असला, तरी नैरोबीच्या वेळेला बांधलेले निमंत्रण तो पाठवू शकतो.

‘आम्ही सर्व काही यूटीसीमध्ये ठरवतो, त्यामुळे आमचा घोळ होत नाही’ असेही ऐकायला मिळते. यूटीसी म्हणजे जगभरातील घड्याळांचा फरक जिच्यापासून मोजतात ती सामायिक प्रमाणवेळ. एकदाच होणाऱ्या कॉलसाठी हा उपाय उत्तम आहे, कारण यूटीसीमध्ये उन्हाळी वेळ नाही आणि तिच्याबद्दल दुमत होत नाही. आवर्ती कॉलच्या बाबतीत मात्र यूटीसीला बांधणे म्हणजे ज्या ज्या ठिकाणी उन्हाळी वेळ पाळली जाते, त्या सर्व ठिकाणी कॉल वर्षातून दोनदा सरकवणे होय. सर्व सहभागींना ते मान्य असेल, तर हरकत काहीच नाही.

आद्याक्षरांवर विसंबणे

‘जुलैमध्ये दुपारी तीन, ईएसटी’ असे लिहिणाऱ्याच्या मनात न्यूयॉर्कचे तीन वाजलेले असतात. पण ईएसटी (ईस्टर्न स्टँडर्ड टाइम) ही हिवाळ्यातील प्रमाणवेळ आहे आणि जुलैत तेथे ईडीटी (ईस्टर्न डेलाइट टाइम) ही उन्हाळी वेळ चालू असते. वेळ रूपांतरित करणारे एखादे साधन ईएसटी हे अक्षरशः घेते आणि न्यूयॉर्कमध्ये चार वाजता येणारी वेळ दाखवते. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात आणि कॉल मात्र एका तासाने चुकतो. पनामा आणि जमैका येथे वर्षभर ईएसटी हीच वेळ असते, म्हणजे तेथील कोणी हे अक्षर लिहिले, तर ते खरोखरच तसे असू शकते.

जीएमटीचेही, म्हणजे ग्रिनिचच्या प्रमाणवेळेचेही, तसेच आहे. लंडन म्हणजे जीएमटी हे समीकरण फक्त हिवाळ्यात जुळते. जूनमध्ये ‘सकाळी दहा जीएमटी’ म्हणजे लंडनमधील अकरा. याशिवाय सीएसटी हे अमेरिकेच्या मध्य भागाचे, चीनचे आणि क्यूबाचे, तर आयएसटी हे भारताचे, इस्रायलचे आणि उन्हाळ्यातील आयर्लंडचे संक्षिप्त रूप आहे. म्हणून आद्याक्षरे सोडून द्यावीत आणि शहराचे नाव लिहावे. ‘मंगळवार, १० मार्च २०२६, न्यूयॉर्कमध्ये सकाळी १०:००, म्हणजे १४:०० यूटीसी’ या एका वाक्यात महिना अक्षरी आहे, वार आहे, शहर आहे आणि पडताळणीसाठी यूटीसीही आहे. वार आणि तारीख जुळत नसतील, तर वाचणाऱ्याला चूक तेथेच दिसते; ०३/१० असे नुसते आकडे लिहिले, तर कोणी तो मार्च समजतो, कोणी ऑक्टोबर.

यादीतून चुकीचा टाइम झोन निवडणे

विंडोजमधील टाइम झोनच्या यादीत प्रत्येक नावाआधी यूटीसीपासूनचा फरक छापलेला असतो आणि तो प्रमाणवेळेचा असतो. त्यामुळे न्यूयॉर्कचा समावेश असलेल्या ईस्टर्न टाइमपुढे भर उन्हाळ्यातही उणे पाच तास असेच दिसते. हे पाहून अनेक जण गोंधळतात आणि उणे चार असलेला भलताच प्रदेश निवडतात. मग नोव्हेंबरमध्ये त्यांचे सगळे कॉल एका तासाने सरकतात. शून्य फरकाच्या ओळींची गंमत याहून मोठी आहे. तेथे लंडन व डब्लिनची एक, मोनरोविया व रेक्याविकची दुसरी आणि नुसत्या यूटीसीची तिसरी अशा नोंदी जवळजवळ असतात. हिवाळ्यात तिन्ही एकच वेळ दाखवतात, उन्हाळ्यात फक्त पहिली हलते. डिसेंबरमध्ये यांपैकी चुकीची ओळ निवडली गेली, तर ती चूक मार्चच्या अखेरीपर्यंत कोणाच्याच लक्षात येत नाही.

फोनच्या बाबतीत वेगळीच चूक आढळते. प्रवासात घड्याळ चुकीचे दिसू लागले की काही जण टाइम झोन न बदलता हाताने काटा पुढे-मागे करतात. पडद्यावरची वेळ जुळते, पण यंत्राच्या हिशेबात आपण अजून आधीच्याच ठिकाणी असतो, म्हणून कॅलेंडरमधील प्रत्येक निमंत्रण आधीच्या ठिकाणच्या वेळेनुसारच दिसत राहते. स्वयंचलित वेळ आणि स्वयंचलित टाइम झोन हे दोन्ही पर्याय चालू ठेवावेत. ते शक्य नसेल, तर झोन बदलावा, काटा नव्हे.

सर्व फरक पूर्ण तासांत असतात, हेही गृहीत धरू नये. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, नेपाळ पावणेसहा तास, आणि ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर तर उन्हाळी वेळेसाठी घड्याळ केवळ अर्धा तासच पुढे नेले जाते.

सरकारांनी बदललेले नियम

मागच्या काही वर्षांत हे नियम सारखे बदलत आले आहेत. तुर्कस्तानने २०१६ मध्ये घड्याळ मागे घेणे थांबवले, ब्राझीलने २०१९ मध्ये उन्हाळी वेळ रद्द केली, इराण आणि मेक्सिकोच्या बहुतांश भागाने २०२२ मध्ये. उलट इजिप्तने २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. मोरोक्कोत वर्षभर यूटीसीच्या एक तास पुढे असलेले घड्याळ रमजानच्या काळात मागे घेतले जाते आणि रमजान चांद्र पंचांगाप्रमाणे दरवर्षी सरकतो. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये घड्याळ पुढे नेणे लांबणीवर टाकण्याचा निर्णय अवघे काही दिवस आधी जाहीर झाला. काही संस्थांनी तो पाळला, काहींनी धुडकावला, आणि निर्णय मागे घेतला जाईपर्यंत एकाच देशात दोन वेळा चालल्या.

बहुतेक फोन व सर्व्हर आणि अनेक संगणक हे नियम टीझेड डेटाबेस या सामायिक माहितीसंचातून घेतात. इंटरनेटवरील नावे व क्रमांक यांची नोंद ठेवणारी आयाना ही संस्था तो प्रसिद्ध करते. देशाने नियम बदलला की डेटाबेस सुधारला जातो, पण ती सुधारणा यंत्रापर्यंत पोहोचण्यासाठी प्रणाली अद्ययावत करावी लागते. अनेक वर्षे अपडेट न केलेला फोन मेक्सिको सिटीसाठी आजही उन्हाळी वेळ दाखवू शकतो.

चूक झाल्यावर ती शोधायची कशी

किती वेळाने चुकले, यावरून कारण बरेचसे कळते. नेमका एक तास चुकला असेल, तर आधी तारीख पाहावी. ती मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संक्रमणकाळात असेल, तर बदल तात्पुरता आहे आणि निमंत्रणाला हात लावायचे कारण नाही. चूक महिनोन्‌महिने टिकून असेल, तर चुकीचा झोन किंवा जुनी प्रणाली यांचा संशय घ्यावा. दोन शहरांमधील संपूर्ण फरकाइतकी चूक असेल, तर निमंत्रणात टाइम झोनच नाही असे समजावे. काही कॅलेंडर फायलींत वेळ झोनशिवाय लिहिलेली असते आणि ती जेथे उघडावी तेथील स्थानिक वेळ म्हणून वाचली जाते. बारा तासांचा फरक म्हणजे सकाळ-संध्याकाळची गल्लत. पूर्ण दिवसाचा फरक पडला असेल, तर पॅसिफिक महासागरातील तारीखरेषा किंवा मध्यरात्र यांपैकी एक कारण असते. ‘बुधवारी रात्री बारा’ ही बुधवारची सुरुवात की शेवट, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही; म्हणून ती वेळ २३:५५ किंवा ००:०५ अशी लिहावी.

कारण सापडल्यावर जुने निमंत्रण तसेच ठेवून नवे पाठवू नये, कारण काही जणांच्या कॅलेंडरमध्ये दोन्ही राहतात आणि ते चुकीचे उघडतात. मूळ निमंत्रणच सुधारावे, आणि कॉल आवर्ती असेल, तर ‘हा आणि यापुढील सर्व’ हा पर्याय निवडावा; संपूर्ण मालिका बदलली, तर आधी स्वतंत्रपणे हलवलेल्या एखाद्या तारखेची दुरुस्ती पुसली जाऊ शकते. सुधारित निमंत्रण पाठवल्यावर घड्याळ बदलाच्या आधीची एक आणि नंतरची एक अशा दोन तारखा उघडून, प्रत्येक शहरात तो कॉल किती वाजता दिसतो, हे सहभागींकडून लेखी मागवावे.