जाड पिन बारीक भोकात का जात नाही

गेल्या जानेवारीत एका रात्री आमच्या माजघरात मासळीसारखा वास यायला लागला. आमच्याकडे मासे शिजत नाहीत. सासूबाईंना वाटलं, मांजरानं काहीतरी आणून टाकलं असेल. मी मात्र उठले ती थेट त्यांच्या पलंगामागच्या एक्स्टेंशन बोर्डाकडे. इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवण्यात माझी २८ वर्षं गेली, आणि प्लगचं प्लास्टिक तापून जळायला लागलं की बरेचदा असाच वास येतो, हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगत आले होते. आधी एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा खटका, खाली पाडला, मग पिन ओढली. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक मऊ पडून काळं झालं होतं आणि वायर रजईच्या टोकाखाली दबलेली होती. हीटर माझ्या मुलानंच लावला होता, आजीला थंडी वाजते म्हणून.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना ही थंडी माहीत आहे. जाड भिंती, उंच छत, आणि आमच्यासारख्या खोल्यांत एकच बोर्ड, तोही दाराशेजारी. त्यामुळे डिसेंबर आला की घराघरांत एक्स्टेंशन निघतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हीटर २००० वॅटचा होता. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. २००० ला २३० नं भागा, पावणेनऊ अँपिअरच्या आसपास येतात. बोर्ड होता ६ अँपिअरचा. हीटरची पिन जाड असते, साधारण ७ मिलिमीटरची. ६ अँपिअरच्या सॉकेटची भोकं ५ मिलिमीटरच्या पिनेसाठी असतात. जाड पिन त्यात जात नाही, ती जाऊ नये म्हणूनच. पण बाजारात कन्व्हर्टर मिळतो, एका बाजूला मोठी भोकं, दुसऱ्या बाजूला बारीक पिना. मुलानं तोच लावला होता. घरात असा कन्व्हर्टर असेल तर तो हीटर, गिझर किंवा इंडक्शनसाठी कधीही वापरू नका. माझं मत विचाराल तर घरातच ठेवू नका.

“पण एमसीबी पडला नाही ना?” हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. एमसीबी भिंतीतल्या वायरिंगसाठी असतो, तुमच्या एक्स्टेंशनच्या बारीक वायरीसाठी नाही. १६ अँपिअरचा एमसीबी साधारण १८ अँपिअरपर्यंत तासभर तरी पडत नाही, तो तसाच बनवलेला असतो. आमच्या हीटरचे पावणेनऊ अँपिअर त्याच्या हिशेबी काहीच नव्हते. आणि प्लग सैल असेल तर करंट न वाढताही जोडापाशी उष्णता साठत राहते. ती तर एमसीबीला कळतही नाही. त्यात करंट दुप्पट झाला की तापणं दुप्पट होत नाही, चौपट होतं.

म्हणून बोर्डाला भोकं किती आहेत ते मोजू नका, वॅट मोजा. ६ अँपिअर म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॅट, तेही सगळ्या भोकांचे मिळून. राऊटर १०, लॅपटॉप ६५, टीव्ही १००, मोबाइलचा चार्जर २०, टेबललॅम्प १०. हे सगळं एकत्र लावलं तरी एका अँपिअरच्या आतच राहतं, खुशाल लावा. पण १००० वॅटची इस्त्री आली की सव्वाचार अँपिअर एकटी खाते. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड एकटाच सहाच्या पुढे जातो. आमच्या घरात आता एकच नियम आहे: जी वस्तू तापवते ती थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. फ्रिज आणि वॉशिंग मशीनही भिंतीतच. एसीला स्वतंत्र लाइन. एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं एक्स्टेंशन खोचणं तर अजिबात नको, कारण सगळा लोड शेवटी पहिल्याच प्लगमधून जातो.

विकत घेताना मी काय बघते ते सांगते. आयएसआयची खूण आणि अँपिअर छापलेलं आहे का. मग वायर हातात घेऊन तिच्यावरची अक्षरं वाचते: ‘थ्री कोर’, म्हणजे आत तीन तारा, असायलाच हवं. थ्री पिनची भोकं दाखवून आत दोनच तारांची वायर घातलेले बोर्ड मी इथल्या महाराज बाड्याकडच्या बाजारात स्वतः पाहिले आहेत. तिथे अर्थिंगचं भोक नुसतं दिसायला. ६ अँपिअरसाठी निदान ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर, आणि खरोखरच १६ अँपिअरचा बोर्ड हवा असेल तर दीड एमएमची. पाठीमागचे स्क्रू खोलता येत असतील तर खोलून आतल्या पट्टीला चुंबक लावते. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर ती लोखंडी पट्टी आहे, परत ठेवा. ‘स्पाइक गार्ड’ असं लिहिलेलं असलं तरी बोर्डाची ताकद वाढत नाही. तो व्होल्टेजच्या अचानक झटक्यासाठी असतो, आणि त्याच्या आतला भाग प्रत्येक झटक्यानं थोडा थोडा संपत जातो.

वायर मांडताना ती सतरंजीखाली, गादीखाली, दाराच्या फटीतून नेऊ नका. वर पाय पडतो, आतली तार तुटत जाते, उष्णतेला बाहेर पडायला जागा राहत नाही. गुंडाळलेली वायर वापरताना पूर्ण उलगडा. गणपतीच्या रोषणाईला रीळ तसंच ठेवून दिवे लावलेले मी दर वर्षी पाहते. उंदरानं कुरतडलेली वायर टेपनं गुंडाळून वापरू नका, बदला. नवा लोड लावला की अर्ध्या तासानं बंद करा, पिन बाहेर काढा आणि प्लगला हाताची मागची बाजू लावा. स्पष्ट गरम लागला तर तो लोड तिथे नको. पिन भोकात सैल बसत असेल, हलवल्यावर चरचरत असेल तर तो बोर्ड बाद.

उन्हाळ्याची काळजी मला हिवाळ्याहून जास्त वाटते, कारण तेव्हा कूलर आणि पाणी एकत्र येतात. कूलर एक-दोनशे वॅटचा, लोडचा प्रश्न नाही. प्रश्न लोखंडी पत्र्याचा आहे. पंपाची वायर आत कुठे कापली गेली आणि अर्थिंग नसलं तर अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो, आणि पाणी भरणाऱ्याचे पाय ओल्या फरशीवर असतात. कूलरसाठी थ्री पिनच वापरा. ‘जमत नाही’ म्हणून अर्थची पिन काढून टाकू नका. बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीला टांगा, आणि वायर बोर्डाच्या खालून झोका देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकतं, बोर्डात जात नाही. पाणी भरण्याआधी नुसतं बटण नाही, पिनच काढा. जमलं तर मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा खटका, बसवून घ्या. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबा, त्यानं पडायलाच हवं.

आमच्याकडे शेवटी माजघरात स्वतंत्र पॉवर पॉइंट काढला: मेनपासून अडीच एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, नवं अर्थिंग. वाड्याच्या भिंती फोडू नयेत म्हणून सगळं केसिंगमधून, म्हणजे भिंतीवर बसवलेल्या पट्टीतून, नेलं. सासूबाईंचा पलंग सरकवून त्या पॉइंटजवळ आणला, हीटर रजईपासून तीन-चार हात लांब ठेवला, आणि झोपताना तो बंद करायचं काम मुलाकडे दिलं.

कधी पेट घेतलाच तर पाणी टाकू नका, आधी मेन बंद. शॉक बसलेल्याला हात लावून ओढू नका, तेव्हाही आधी मेनच. आमचा मेन स्विच जिन्याखाली अंधारात आहे. तिथे मी खिळ्याला टॉर्च टांगला आहे आणि घरातल्या प्रत्येकाला, सातवीतल्या पुतणीलासुद्धा, एकेकदा तो खटका स्वतःच्या हातानं पाडायला लावला आहे.