‘असतं तर’ इंग्रजीत कसं म्हणावं?

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला परदेशातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. व्हिसाचं काम चालू होतं, पण खोली आधीच बघून ठेवायची होती. त्यानं घरमालकीणबाईंना मेल लिहिला. मनात वाक्य होतं, ‘व्हिसा मिळाला तर सप्टेंबरमध्ये येईन.’ लिहिलं मात्र असं: ‘इफ आय गॉट द व्हिसा, आय वुड कम इन सप्टेंबर.’ मिळाला म्हणजे गॉट, हे शाळेपासून पाठ होतं. आणि ‘विल’पेक्षा ‘वुड’ त्याला नम्र वाटलं. बाईंनी खोली दुसऱ्या मुलीला देऊन टाकली. तुला व्हिसा मिळायची फारशी आशा दिसत नाही असं मेलवरून वाटलं, असं त्यांनी नंतर कळवलं.

त्या मेलमध्ये स्पेलिंगची एकही चूक नव्हती. फक्त ‘गॉट’च्या जागी ‘गेट’ आणि ‘वुड’च्या जागी ‘विल’ हवं होतं. जर-तरच्या वाक्यात क्रियापदाच्या काळावरून इंग्रजी वाचणारा माणूस एकच गोष्ट ताडतो: ही गोष्ट घडू शकते असं लिहिणाऱ्याला वाटतंय, की तो नुसती कल्पना करतोय? त्या दोन शब्दांनी भाच्यानं नकळत ‘मला काही व्हिसा मिळणार नाही’ असं सांगून टाकलं होतं.

मी नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. हा भाग आला की फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल ही नावं मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहीतच नाही. नावं पाठ होतात आणि वाक्य तसंच चुकतं. सुरुवात मराठीपासून केलेली बरी, कारण चुकांचं मूळ तिथंच आहे.

पहिली पायरी: आपलंच वाक्य नीट बघा

वहीत ही तीन वाक्यं लिहा.

उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही.
आत्ता माझ्याकडे पैसे असते तर हे घर घेतलं असतं.
तेव्हा माझ्याकडे पैसे असते तर ते घर घेतलं असतं.

पहिल्या वाक्यात गोष्ट उद्याची आहे आणि क्रियापद ‘पडला’ आहे, म्हणजे रूप भूतकाळाचं. आपल्याला त्यात काहीच खटकत नाही, कारण मराठीत ‘तर’च्या आधी हे रूप येतंच. पण तेच रूप जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की भाच्याचा मेल तयार होतो.

आता दुसरं आणि तिसरं वाक्य शेजारी शेजारी ठेवून वाचा. एक आजचं आहे, दुसरं कधीच होऊन गेलेलं. तरीही दोन्हीकडे ‘असते’ आणि ‘घेतलं असतं’ हीच रूपं आहेत. फरक काय तो ‘आत्ता’ आणि ‘तेव्हा’ या शब्दांनी दाखवलाय. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ यांच्याबरोबर शाळेत जो संकेतार्थ शिकलो, तो हाच. मराठी संकेतार्थ या दोन काळांना एकाच रूपात सामावून घेतो. इंग्रजीत त्यांची घडण वेगवेगळी करावी लागते. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त गोंधळ इथंच होतो, म्हणून या पायरीवर मी घाई करू देत नाही.

दुसरी पायरी: दोन प्रश्न

इंग्रजी शब्द शोधण्याआधी स्वतःला विचारा: ही गोष्ट अजून घडू शकते का?

उत्तर ‘हो’ असेल तर काम सोपं आहे. ‘इफ’च्या बाजूला साधा वर्तमानकाळ, दुसऱ्या बाजूला ‘विल’. ‘इफ इट रेन्स टुमॉरो, आय विल नॉट कम.’ गोष्ट उद्याची असली तरी ‘इफ इट विल रेन’ म्हणायचं नाही.

उत्तर ‘नाही’ असेल, किंवा तुम्ही नुसती कल्पना करत असाल, तर दुसरा प्रश्न विचारा: कल्पना आत्ताची किंवा पुढची आहे, की होऊन गेलेल्या गोष्टीची? मराठी वाक्यात ‘आत्ता’ किंवा ‘तेव्हा’ घालून बघा. जो शब्द बसेल तो उत्तर देईल.

तिसरी पायरी: काळ एक पाऊल मागे न्या

कल्पनेच्या वाक्यात इंग्रजी भाषा क्रियापदाला खऱ्या काळापासून एक पाऊल मागे सरकवते. सगळं व्याकरण या एका हालचालीत आहे.

कल्पना आत्ताची असेल तर एक पाऊल मागे म्हणजे साधा भूतकाळ, ज्याला आपण शाळेत व्ही-टू म्हणायचो. दुसऱ्या बाजूला ‘वुड’ आणि क्रियापदाचं मूळ रूप. ‘इफ आय हॅड मनी नाऊ, आय वुड बाय धिस हाऊस.’ म्हणजे आत्ता पैसे नाहीत.

कल्पना होऊन गेलेल्या गोष्टीची असेल तर साधा भूतकाळ तिथं आधीच आहे, म्हणून आणखी मागे जावं लागतं: ‘हॅड’ आणि व्ही-थ्री. दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’ आणि व्ही-थ्री. ‘इफ आय हॅड हॅड मनी देन, आय वुड हॅव बॉट दॅट हाऊस.’

‘हॅड हॅड’ पाहिलं की विद्यार्थी बिचकतात. छपाईची चूक समजून एक ‘हॅड’ खोडणारेही पाहिलेत. पहिला ‘हॅड’ नुसता मदतनीस आहे, काळ मागे नेणारा. दुसरा ‘हॅव’चं तिसरं रूप आहे, म्हणजे पैसे ‘असणं’. जागा ‘बॉट’ची असती तर ‘हॅड बॉट’ म्हटलंच असतं ना? तसंच हे. पाचसहा वेळा मोठ्यानं म्हटलं की जीभ सरावते.

‘बी’ या क्रियापदाची एक जुनी सवय लक्षात ठेवा. ‘मी तुझ्या जागी असते तर’ याला ‘इफ आय वेअर यू’ म्हणतात. एरवी ‘आय’बरोबर ‘वॉज’ येतो, कल्पनेत मात्र ‘वेअर’. बोलताना ‘इफ आय वॉज’ सर्रास ऐकू येतं आणि कुणी अडवत नाही, पण परीक्षेत आणि अर्जात ‘वेअर’च लिहा.

‘इफ’च्या घरात ‘वुड’ नको

‘तू सांगितलं असतंस तर मी आले असते.’ ऐका कसं वाजतं: इकडे असतंस, तिकडे असते. वाक्य तराजूसारखं दोन्हीकडे सारखं. ज्याचे कान या लयीत वाढले, तो इंग्रजीतही दोन्हीकडे सारखंच ठेवणार: ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ मला ही चूक आळसाची वाटत नाही. आपल्या भाषेचं वळण आहे ते. पण इंग्रजी वाक्य तोललेलं नसतं, त्याच्या दोन बाजू वेगळ्या दिसायला हव्यात: ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’

यासाठी मी एक उपाय करून घेते. वाक्य कागदावर लिहायचं, ‘इफ’वर बोट ठेवायचं आणि स्वल्पविरामापर्यंत सरकवायचं. वाटेत ‘वुड’ भेटला तर काढायचा. अमेरिकेत बोलताना पुष्कळ लोक दोन्हीकडे ‘वुड हॅव’ म्हणतात, त्यामुळे मालिकांमध्ये ते ऐकू येईल. लिखाणात तरीही चूक धरली जाते. ‘इफ यू वुड वेट अ मिनिट’ ही नम्र विनंती आहे, तिथला ‘वुड’ राहू द्या.

जाता जाता एक गंमत. मराठीत आपण ‘जर’ सहज गाळतो, ‘तर’ मात्र लागतोच: ‘आलास तर बघू.’ इंग्रजीत उलट आहे. ‘इफ’ हवाच आणि ‘देन’ बहुतेक वेळा नसतो. म्हणून प्रत्येक ‘तर’साठी ‘देन’ घालायची सवय सोडा, वाक्य लगेच हलकं होतं. ‘इफ’चा भाग आधी आला तर त्यानंतर स्वल्पविराम द्या, नंतर आला तर सहसा नको.

सराव कशावर करायचा?

पुस्तकातली ‘मी पक्षी असतो तर’ छापाची वाक्यं मला फारशी आवडत नाहीत. त्यात जीव अडकत नाही. आपल्याकडे ‘असतं तर’च्या गोष्टी काय कमी आहेत? पानिपतच घ्या. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव गोळी लागून पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत शिरले आणि सैन्याचा धीर सुटला. त्यावर आजही घरोघरी वाद होतात. तोच वाद इंग्रजीत घाला: ‘इफ विश्वासराव हॅड नॉट बीन किल्ड, द आर्मी वुड नॉट हॅव पॅनिक्ड.’ एवढं ठामपणे म्हणवत नसेल तर ‘वुड’च्या जागी ‘माइट’ घ्या: ‘द मराठाज माइट हॅव वन.’ हा आपला ‘कदाचित’. आणि ‘जिंकू शकले असते’ म्हणायचं असेल तर ‘कुड हॅव वन’. ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’ या तिघांतला फरक नियमांच्या तक्त्यापेक्षा अशा वादात लवकर उमगतो.

मग थोडं पुढे जा. कारण भूतकाळात आणि परिणाम आज, अशी वाक्यं रोजच्या बोलण्यात फार येतात. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, वाडे पडले. ‘धरण फुटलं नसतं तर त्यातले काही वाडे आजही उभे असते.’ इथं ‘इफ’ची बाजू कालची, दुसरी बाजू आजची. म्हणून: ‘इफ द डॅम हॅड नॉट बर्स्ट, सम ऑफ दोज वाडाज माइट स्टिल बी स्टँडिंग.’ मागच्या बाजूला ‘हॅव बीन’ घालायचा मोह होतो. ‘आजही’ हा शब्द तो आवरायला मदत करतो. भाच्यानं स्वतःसाठी केलेलं वाक्य याच जातीचं आहे: ‘इफ आय हॅड रिटन गेट, आय वुड बी लिव्हिंग निअर द कॅम्पस नाऊ.’ तो अजून रोज पाऊण तास बसनं जातो.

मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी

बँकेत, हॉटेलात, कॉल सेंटरमध्ये हमखास विचारतात: ‘व्हॉट वुड यू डू इफ अ कस्टमर शाउटेड ॲट यू?’ गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी या प्रश्नाला ‘नो सर, नो कस्टमर शाउटेड ॲट मी’ असं उत्तर देऊन आली. ‘शाउटेड’ ऐकून तिला वाटलं, झालेल्या प्रसंगाबद्दल विचारताहेत. प्रश्नात ‘वुड’ ऐकू आला की समजा, तुम्हाला कल्पना करायला सांगितली आहे. उत्तरही ‘वुड’नं द्या: ‘आय वुड लिसन टु हिम फर्स्ट.’ मग जेवढ्या गोष्टी कराल तेवढ्या ‘वुड’वरच चालू ठेवा, मध्येच ‘विल’वर उडी नको.

उलट बाजूही सांगते. पक्क्या गोष्टीला ‘वुड’ लावू नका. ‘द मीटिंग वुड बी ॲट टेन’ असं आपल्या ऑफिसांमध्ये नम्रतेपोटी लिहिलं जातं. वाचणारा परदेशी असेल तर तो ‘इफ’ शोधत बसतो. मीटिंग ठरली असेल तर ‘विल’.

ऐकताना आणखी एक अडचण येते. ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोन्ही बोलण्यात आखडून नुसता ‘ड’ उरतो: ‘आय्ड’. पुढचा शब्द ऐका. ‘आय्ड गॉन’ असेल तर ‘हॅड’, ‘आय्ड गो’ असेल तर ‘वुड’. ‘वुड हॅव’ भराभर बोलताना ‘वुडव्ह’ होतं. ते ऐकून ‘वुड ऑफ’ लिहिणारे इंग्रजच पुष्कळ आहेत. तुम्ही ‘हॅव’ लिहा.

तपासायची सोपी रीत

कल्पनेचं वाक्य तयार झालं की त्याच्या शेपटीला ‘बट’ लावून खरी परिस्थिती सांगा. ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम, बट आय डोन्ट.’ इथं ‘डोन्ट’ बसला, म्हणजे वाक्य आजचं आहे. ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम, बट आय डिडन्ट.’ इथं ‘डिडन्ट’ बसला, म्हणजे कालचं. आणि ‘इफ आय गेट द व्हिसा, आय विल कम’ याला असं शेपूट लावूनच बघा. ‘बट आय डोन्ट’ म्हणताच येत नाही, कारण व्हिसा अजून मिळू शकतो. मेल पाठवायचं बटण दाबण्याआधी एवढी एक शेपटी मनातल्या मनात लावून बघा.