टर्बो नंतर, आधी क्रँक

मॅसी ३५ ट्रॅक्टरच्या जुन्या, तीन सिलिंडरच्या पर्किन्स ३.१५२ इंजिनाला टर्बो (जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) लावायचाय? वाढलेला जोर क्रँकवर येतो, म्हणून आधी ऑइल चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवा.

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, धुऊन तडे दाखवणाऱ्या रंगाने (डाय) तपासून घ्या. तडा दिसला तर तो भंगारात. वेल्डिंगच्या नादी लागू नका. ग्राइंडिंग चालू असताना मी स्वतः मशीनपाशी उभा राहतो. जर्नल (बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि वेब (जर्नलांना जोडणारी भिंत) जिथे मिळतात, त्या कोपऱ्यातली गोलाई शाबूत राहिलीच पाहिजे. तिथे काटकोनी धार उरली की क्रँक तिथूनच तुटतो. तेलाच्या भोकांच्या कडाही हलक्या हाताने मोडून घ्या.

पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवेच. मी एकदा जुने वापरले आणि ऐन पेरणीत रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. त्या शेतकऱ्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तिन्ही रॉडचं वजनही सारखं करा.

बेरिंगची फट जर्नलच्या दर इंचाला साधारण १ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पावणेतीन इंची मेन जर्नलला पावणेतीन ते ३ थाऊ. मेन बेरिंगच्या चारही कॅप मूळ जागी, मूळ दिशेने बसवा आणि बोल्ट टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळा.

ऑइल पंप नवा घाला. पहिल्यांदा चालू करताना स्टॉप (डिझेल तोडणारा खटका) ओढून धरा आणि तेलाचा काटा चढेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारा.