फ्रान्समध्ये अकॉर्डियन बनवणाऱ्याचं वर्कशॉप बघायला जायचंय? मग हे वाचून जा

ज्याच्या घरात पेटी वाजलेली आहे त्याने फ्रान्सच्या ट्रिपमध्ये दोन दिवस जास्तीचे काढून अकॉर्डियनचं वर्कशॉप बघावंच असं मला मनापासून वाटतं. माझे बाबा भजनाला पेटी वाजवायचे, पेटी उघडून सूर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या धातूच्या पट्ट्या, साफ करताना मी शेजारी बसायचे, आणि तिकडे गेल्यावर कळलं की तिथलं निम्मं काम आपल्याला आधीच ओळखीचं असतं. शेवटी घराणं एकच आहे. हार्मोनियमचं पेटंट अलेक्सांद्र दबँ याने पॅरिसमध्येच १८४२ साली घेतलं, आणि अकॉर्डियन हे नाव त्याच्या आधी १८२९ मध्ये व्हिएन्नात पेटंट झालेलं. दोन्हीत हवेने थरथरणारी धातूची जीभ, बाकी सगळं त्या जिभेभोवती उभं केलेलं.

कुठे जायचं? पहिलं नाव त्यूल. नैऋत्येकडे कोरेझ भागात नदीच्या अरुंद खोऱ्यात लांबट पसरलेलं छोटं गाव. इथे मोझँ भावांनी १९१९ मध्ये अकॉर्डियनचा कारखाना काढला, तेव्हापासून त्यूल आणि अकॉर्डियन ही जोडीच झाली, अकॉर्डियनचा एक महोत्सवही इथे होतो आणि २०२४ पासून अकॉर्डियनचं म्युझियमही आहे. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून ब्रीव्हची गाडी धरायची, साधारण चार-साडेचार तास, तिथून लोकल ट्रेनने अर्ध्या तासात त्यूल. माझा सल्ला असा की आधी म्युझियम बघा आणि मग वर्कशॉपला जा, म्हणजे समोर उघडून ठेवलेला भाग कशाचा आहे हे विचारण्यात वेळ जात नाही. त्यूलशिवाय फ्रान्सभर एक-दोन माणसांची छोटी वर्कशॉपंही आहेत, त्यातली बरीच डायटॉनिक बनवतात, म्हणजे भाता दाबताना एक स्वर आणि ओढताना दुसरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. न कळवता जाऊ नका. मी पहिल्यांदा एका छोट्या वर्कशॉपला तशीच गेले होते, दुपारी साडेबारा वाजता, दार बंद, जेवणाची सुट्टी दोनपर्यंत, आणि दोन वाजता दार उघडलं तेव्हा त्या माणसाच्या टेबलावर कुणाचं तरी वाद्य अर्धवट सूर लावून पडलेलं होतं, त्याला ते सोडून माझ्याकडे बघावं लागलं. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी दोन-तीन आठवडे आधी ईमेल टाकते, फ्रेंचमध्ये, चार ओळी पुरतात: आपण कोण, किती जण, कुठली तारीख चालेल, आणि घरात हार्मोनियम वाजते ही ओळ नक्की घाला कारण त्याने त्यांना तुमच्याशी काय बोलायचं ते कळतं. फी आहे का तेही विचारा. जुन्या कारखान्यांचे मालक आणि वेळा बदलतात, त्यामुळे इंटरनेटवरच्या जुन्या माहितीवर तिकीट काढू नका, उत्तर आलं की मगच बुकिंग.

ऑगस्ट टाळा, बरेच जण सुट्टीवर असतात. सप्टेंबरचा तिसरा वीकेंड चांगला, त्या वेळी देशभर वारसा दिवस असतात आणि एरवी बंद असलेली दारं उघडतात. वसंतात, मार्च-एप्रिलच्या सुमाराला, हस्तकलांचे दिवस असतात तेव्हाही अशी वर्कशॉपं लोकांना आत घेतात. पण तेव्हा गर्दी असते, शांतपणे ऐकायचं असेल तर साधा मंगळवार-बुधवार बरा.

आत शिरताना आधी बोंझुर म्हणायचं, प्रत्येकाला, मग बाकी बोलणं. आपण थेट कामाचं विचारतो ते तिकडे उद्धट वाटतं. फोटो विचारून, आणि टेबलावरच्या सुट्या भागांना हात अजिबात नाही. बोटांच्या घामाने स्टीलची जीभ गंजते.

बघताना बहुतेक लोक बाहेरच्या चकाकीवर अडकतात. ती शिंपल्यासारखी चमक सेल्युलॉइडची असते, अकॉर्डियनच्या लाकडी खोक्यावर मऊ करून ओढून बसवलेली, दिसते सुंदर पण पटकन पेट घेते म्हणून तिथे विडी-सिगारेटचं नाव नको. भात्याजवळ थोडं थांबा. जाड कार्डबोर्डच्या घड्या, वरून कापड, कोपऱ्यांत पातळ चामडं आणि त्यावर धातूचे कोपरे, आणि हे सगळं हवा न गळता हजारो वेळा उघडमिट करायला हवं. भात्याला ते सूफ्ले म्हणतात.

पण खरा जीव सुरांच्या खोलीत आहे. सुराला फ्रेंचमध्ये आँश. पेटीचा सूर पितळी असतो आणि हवा एकाच दिशेने जाते म्हणून एक जीभ पुरते, अकॉर्डियनला दाबताना आणि ओढताना दोन्हीकडे वाजायचं असतं म्हणून एकाच धातूच्या पट्टीवर दोन स्टीलच्या जिभा, एक या बाजूने आणि एक त्या बाजूने, आणि जी वाजत नाहीये तिची वाट बंद करायला चामड्याची बारीक झडप. हिशोब करा, उजव्या हाताला ४६ स्वर, प्रत्येकाला ४ सूर, प्रत्येकी २ जिभा, झाल्या ३६८, आणि डावा हात अजून मोजलाच नाही. ह्या पट्ट्या लाकडी ठोकळ्यांवर स्क्रूने नाही तर मेण आणि राळ वितळवून बसवतात. तो वास मला अजून आठवतो, देवघर आणि सुताराचं दुकान एकत्र.

सूर लावणारा माणूस काम करत असेल तर गप्प बसा आणि अर्धा तास नुसतं ऐका. जिभेच्या टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो, आणि एकदा निघालेलं स्टील परत येत नाही, त्यामुळे एक हलका हात, मग वाजवून ऐकणं, मग पुन्हा एक हात. आपण पेटीत खर्ज-नर-मादी, म्हणजे सुरांचे तिन्ही संच, एकमेकांत विरघळले पाहिजेत म्हणून धडपडतो. फ्रेंच म्युझेट ट्यूनिंगमध्ये उलट, एकाच स्वराचे तीन सूर घेतात, मधला नेमका, एक जरासा चढा, एक जरासा उतरा, आणि त्यातून ती थरथर येते जी ऐकली की आपल्याला लगेच पॅरिस आठवतं. एक सूर सेकंदाला ४४० कंपनांचा आणि दुसरा ४४३ चा असेल तर सेकंदाला आवाजाच्या तीन लाटा ऐकू येतात, आणि कारागीर त्या लाटा कानाने मोजत प्रत्येक स्वराला ठरवलेल्या वेगावर आणतो. मला आधी ते चक्क बेसूर वाटलं होतं. वीस मिनिटांनी कान बसला आणि मग कळलं की ह्यात एकेक लाट ठरवून घेतलेली आहे. म्हणून जायच्या आधी घरी दोन पेट्यांवर एकच स्वर एकत्र धरून लाटा ऐकायची सवय करून जा, त्याचा खरंच उपयोग होतो.

काय विचारायचं? सूर कुठून येतात ते विचारा, खूपदा उत्तर इटलीतल्या कास्तेलफिदार्दो या अकॉर्डियनच्या गावाचं असतं, त्यात कमीपणा काही नाही. लाटा किती वेगाने ठेवता, जुन्या वादकांना वेगवान आवडायच्या का, हे विचारलंत तर माणूस खुलतो. किंमत पहिल्या पाच मिनिटांत विचारू नका.

आणि वाद्य घ्यायचा किंवा घरचं जुनं दुरुस्तीला न्यायचा विचार असेल तर आपल्या हवेबद्दल आधीच सांगा. उन्हात बंद गाडीत ठेवलं तर मेण मऊ होऊन पट्ट्या सरकतात, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात चामड्याच्या झडपा वाकतात, जिभांना गंज चढतो. जुनं वाद्य थेट घेऊन धडकू नका, आधी आतले फोटो पाठवा. विमानात न्यायचं तर भात्याचे पट्टे घट्ट लावून आणि चारी बाजूंनी मऊ कपडे भरून, आणि निघताना थोड्या जास्तीच्या झडपा आणि त्यांच्या मेणाचा एक तुकडा विकत मागून घ्या, कारण तोच मसाला आपल्याकडे मिळवताना फार फिरावं लागतं.