स्पेंटवॉशच्या तळ्याभोवती रेझिस्टिव्हिटी सर्व्हे: रानात उतरण्याआधीची तयारी

स्पेंटवॉश म्हणजे डिस्टिलरीचं खारट सांडपाणी. रेझिस्टिव्हिटी सर्व्हेत जमिनीत करंट सोडून माती त्याला किती अडवते ते ओहम-मीटरमध्ये मोजतात; खारं पाणी झिरपलं की हा आकडा उतरतो. पण कृष्णाकाठच्या काळ्या रानात मीटरचा आकडा खाली आला, एवढ्यावरून डिस्टिलरीचं पाणी झिरपलं असं म्हणता येत नाही. वाळवा, पलूस, मिरज भागातली ओली काळी माती मुळातच 3 ते 10 ओहम-मीटरच्या आसपास असते. क्षारपड रान त्याहूनही खाली जातं. म्हणून मशीनच्या आधी तुलनेचं रान शोधा: तळ्याच्या वरच्या अंगाला, तशाच मातीचं, उसाखालचं, तेवढंच पाणी मिळणारं. ते मिळत नसेल तर सर्व्हे पुढे ढकललेला बरा.

ऊस तुटून पाचट बाजूला झालंय आणि खोडव्याला अजून पाणी सुटलेलं नाही, ही वेळ उत्तम. दोन्ही रानांच्या मालकांना शेवटची पाळी कधी झाली ते विचारून लिहून ठेवा; एकीकडे काल पाणी आणि दुसरीकडे पंधरवड्यापूर्वी, तर तुलना फुकट. मे महिन्यापर्यंत थांबू नका. जमिनीला भेगा पडतात, इलेक्ट्रोडची काठी भेगेत बसते आणि करंट जातच नाही.

सामानात 48 इलेक्ट्रोडचा संच, 2 मीटर अंतर धरून 94 मीटरची लाइन. वेन्नर मांडणीत (सारख्या अंतरावरच्या चार काठ्या: बाहेरच्या दोन करंट सोडतात, आतल्या दोन पोटेन्शियल मोजतात) मधोमध साधारण 15 मीटर खोली मिळते, कडांना खूपच कमी, त्यामुळे संशयाची जागा लाइनच्या मध्यावर आणा. स्टेनलेस स्टीलच्या काठ्या (दोन-चार जादा), हातोडा, टेप, चार्ज केलेली 12 व्होल्टची बॅटरी आणि तिच्या जोडीला दुसरी. काठी 10 सेंटिमीटरच ठोका. अंतराच्या मानाने फार खोल गेली तर हिशेब बिघडतो. कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स (काठी आणि मातीमधला अडथळा) 2 किलोओहमच्या वर दिसला तर बुडाशी मिठाचं पाणी ओता, पण मातीचे नमुने त्याआधी काढून घ्या. नाहीतर ईसीमध्ये (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) तुमचंच मीठ मोजलं जाईल.

पहिली लाइन बांधाच्या पायथ्याशी, उताराच्या बाजूला, बांधाला समांतर; दुसरी आणखी खाली. प्रेसमडचं (साखर कारखान्याच्या मळीच्या गाळाचं) कंपोस्ट यार्ड विसरू नका. तिथेही स्पेंटवॉश ओततात आणि तळ्याला अस्तर असलं तरी यार्डाला ते असेलच असं नाही. लोखंडी पाइपलाइन, तारेचं कुंपण, बोअरचं केसिंग नकाशावर आधीच दाखवा. पाइप टाळता येत नसेल तर लाइन त्याला काटकोनात घ्या. शेतीची थ्री-फेज वीज कधी बंद असते ते गावात विचारून तेव्हाच रीडिंग घ्या. मोटारी चालू असल्या की आकडे नाचतात. काही रीडिंग करंट आणि पोटेन्शियलच्या जोड्या अदलाबदल करून पुन्हा घ्या. फरक 5 टक्क्यांच्या वर गेला तर वायर तपासा.

जीपीआर (जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार) भाड्याने आणू नका, चिकण मातीत त्याची लाट मीटरभरातच विरते. वरच्या दीड मीटरचा झटपट अंदाज ईएम-38 हे हातात धरून फिरवायचं वाहकता-मीटर देतं. ते फिरवताना खिशात मोबाइल, किल्ल्या नकोत.

खरी खूण शोधायची ती मुरमात. काळी माती पाणी धरून ठेवते, मुरूम वाट देतो. तुलनेच्या रानात 20 ते 50 ओहम-मीटर दाखवणारा मुरूम तळ्याच्या खालच्या अंगाला 10 च्या आत आला, तर तिथे ऑगरने (हाताने फिरवायच्या गिरमिटाने) भोक पाडा किंवा बोअर घ्या आणि नमुना काढा. खालचा अखंड पाषाण शेकड्यांत दिसतो, त्याने गोंधळ होत नाही.

नमुन्यात पोटॅशियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट मोजायला सांगा. क्षारपडीत बहुधा सोडियम वरचढ असतं, स्पेंटवॉशमध्ये पोटॅशियम. पण म्युरेट ऑफ पोटॅशची पोती कुठल्या रानात किती पडली तेही विचारा, नाहीतर खताचा आळ कारखान्यावर जाईल. विहिरींचं पाणी त्याच दिवशी घ्या, ईसी 25 अंशांवर आणून नोंदवा. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी जल कायदा 1974 च्या कलम 21 प्रमाणे घेतलेला लागतो, त्यासाठी अर्ज आधीच द्या.