बोलता येतंय तोवर लिहून ठेवा

सुरुवात फॉर्मपासून करू नका. मी तीच चूक केली. लिव्हिंग विलचा, म्हणजे पुढे स्वतः निर्णय घेता आला नाही तर कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायच्या कागदाचा, नमुना छापून आणला, पहिल्याच रकान्यापाशी अडले आणि तो कागद चार महिने कपाटात पडून राहिला. काय नको ते लिहायचं तर आधी काय हवं ते आपलं आपल्याला ठाऊक पाहिजे.

माझ्या डोक्यात हे आलं ते थोरल्या भावामुळे. दादा २३ दिवस आयसीयूत होता, शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "त्यांची स्वतःची इच्छा काय असती?" आम्ही घरची सहा माणसं उभी होतो. दादाला चहात किती साखर लागते ते प्रत्येकाला माहीत, पण हे कुणालाच सांगता येईना. एक भाचा म्हणाला, सगळे उपचार चालू ठेवा. दुसरा म्हणाला, बाबांना घरी न्या. दोघं अजून एकमेकांशी मोकळं बोलत नाहीत.

तर आधी एक वही घ्या. आठ दिवस रोज रात्री लिहा, आज कशामुळे बरं वाटलं. पहिल्या रात्री मी देवपूजा लिहिली, कारण ती लिहायला हवी असं वाटलं. चौथ्या रात्री खोडली. उरलं ते असं: सकाळची आकाशवाणी सांगली, कृष्णेच्या घाटापर्यंतचा फेरफटका, नातीचा फोन, स्वतः वाचलेला पेपर, आपल्या हातानं खाल्लेला गरम वरणभात.

मग एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा: हे गेलं तरी मला चालेल का? इथे घाई करू नका. माझी खात्री होती की चालणंफिरणं सगळ्यात वर राहील. पण विचार करता करता लक्षात आलं, खुर्चीत बसून राहावं लागलं तरी मी राहीन. माणसं ओळखू आली नाहीत, त्यांच्याशी बोलता आलं नाही, आणि ते कधी सुधारणारही नसेल, तर मात्र मला यंत्रांवर राहायचं नाही. यांनी वेगळी वही केली होती. त्यांच्या वहीत उलटंच निघालं. बोलता नाही आलं तरी चालेल, नातीचा आवाज कानावर पडत राहावा, एवढंच. ४१ वर्षांचा संसार झालाय आमचा, आणि यांच्या वतीनं मी साफ चुकीचं सांगितलं असतं. म्हणून नवरा-बायकोनं वह्या वेगळ्या कराव्यात आणि मग एकमेकांना वाचून दाखवाव्यात.

यानंतर फॅमिली डॉक्टरांकडे अर्धा तास मागून घ्या. व्हेंटिलेटर, नाकातून अन्नाची नळी, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणं, यांतलं प्रत्येक कशासाठी असतं ते विचारा. मी "व्हेंटिलेटर नको" एवढंच लिहिणार होते. डॉक्टरांनी समजावलं की न्यूमोनियात माणूस काही दिवस त्यावर राहून बराही होतो. मग "बरं होण्याची आशा उरली नसेल तर" हे शब्द घातले. वेदना कमी करणारी औषधं आणि अंगाची स्वच्छता शेवटपर्यंत हवी, हेही लिहिलं.

कायद्याचं काम त्या मानानं थोडं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ला लिव्हिंग विलला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. आपल्याला निर्णय घेता येत असेल तोवर आपलाच शब्द चालतो. कागद लागू होतो तो त्यानंतर, आणि तोही रुग्णालयातल्या दोन वैद्यकीय मंडळांनी, म्हणजे डॉक्टरांच्या गटांनी, पाहिल्यावर. निर्णय घेता येतोय तोवर तो कधीही बदलता किंवा रद्द करता येतो. मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं, ते यात मिसळू नका. एकेक प्रत नेमलेल्या नातेवाइकांना, फॅमिली डॉक्टरांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याला द्या.

आपल्या वतीनं बोलायला कुणाला नेमायचं, हे सगळ्यात अवघड. एकापेक्षा जास्त नावं देता येतात. मुलाचा जीव माझ्यावर फार आहे, म्हणूनच मी त्याचं नाव पहिलं घातलं नाही. पहिलं नाव सुनेचं. दादाच्या वेळी डॉक्टरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेऊन बाकीच्यांना नीट सांगत होती ती तीच. मुलाला हे कळल्यावर तो म्हणाला, "आई, आत्ता कशाला हे?"

"आत्ता मला बोलता येतंय म्हणून."

तो उठून गॅलरीत गेला. पंधरा दिवसांनी स्वतःहून फोन केला आणि वही वाचून दाखव म्हणाला. पहिल्या खेपेला कुणी उठून गेलं तर कागद गुंडाळून ठेवू नका, पुन्हा बोला.

दादाच्या तिथीला दरवर्षी आम्ही दोघं वह्या काढतो. यंदा मी "स्वतः वाचलेला पेपर" खोडलं. नजर अधू झालीय, आता नात फोनवरून मथळे वाचून दाखवते. त्या जागी तिचा आवाज लिहिला, यांच्या वहीत पहिल्यापासून आहे तसा.